फ्लॅट टॅपेट कॅमच्या जुन्या इंजिनाला ऑइल कुठलं?

कार्बवाला

मंडळी, इंजिन बांधून स्टँडवर तयार आहे आणि गाडं ऑइलच्या डब्यापाशी अडलंय.

शेवरोलेचा स्मॉल ब्लॉक, ३५० घनइंच, सत्तरच्या दशकातला. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) नवा, हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (कॅमवर घासत चालणारे सपाट तळाचे दट्टे), मूळ कॅमपेक्षा बराच तिखट. सोळाच्या सोळा टॅपेट नवे. स्प्रिंग कॅमवाल्याने सांगितलेल्याच: व्हॉल्व्ह बसलेला असताना ११५ पौंड, पूर्ण उघडल्यावर २९० च्या आसपास. मेन बेअरिंगला अडीच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) क्लिअरन्स. कार्बोरेटर आणि हेडर आहेत, एक्झॉस्ट साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. वापर रस्त्यावरचा, अधूनमधून ट्रॅक.

जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. एक जण म्हणतो, आजचं कुठलंही ऑइल घाल, अर्ध्या तासात कॅम खाल्लाच समज. दुसरा म्हणतो डिझेल गाडीचं घाल. तिसरा म्हणतो झिंकच्या अ‍ॅडिटिव्हची बाटली ओत, मग खाली काहीही चालेल. रेसिंग ऑइल, क्लासिक ऑइल, नवं इंजिन रुळवायचं ब्रेक-इन ऑइल, डब्यांवर सगळेच शूरवीर. ब्रँडची नावं नंतर सांगा, आधी बघायचं काय ते सांगा.

दहाचा पाना

२०डब्ल्यू-५० मिनरल. धागा बंद करा :)

वंगणवेडा

पाना, बंद कुठला, आता तर सुरू होतोय.

कार्बवाला, ऑइलला तिथे काय सोसावं लागतं ते आधी बघ. मेन आणि बिग एंड बेअरिंगमध्ये शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो, धातूला धातू लागत नाही. कॅमच्या नशिबी ही चैन नाही. कॅमचा उंचवटा म्हणजे लोब टॅपेटला उचलतो, आणि टॅपेट पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडतो. हे करताना लोबचं नाक टॅपेटच्या तळावरून घासत जातं. दोघांचा संपर्क म्हणजे जेमतेम एक रेघ. तुझे २९० पौंड १.५ च्या रॉकरमुळे लोबवर ४३५ होतात आणि ते सगळे त्या रेघेवर. तिथला दाब दर चौरस इंचाला लाख पौंडांच्या वर जातो. त्यात कॅम फिरतो क्रँकच्या निम्म्या वेगाने, म्हणजे आयडलला नाकाखाली ऑइल ओढलंच जात नाही. थर फाटतो.

थर फाटल्यावर धातू वाचवतं ते झेडडीडीपी, पूर्ण नाव झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. दाबाने, घर्षणाने, उष्णतेने ते फुटतं आणि लोखंडावर फॉस्फेटचा थर बसतो, शंभरेक नॅनोमीटर जाडीचा. झिजायचा तो हा थर झिजतो आणि नवा बसत राहतो, ऑइलात माल आहे तोवर. १९४० च्या दशकात हे ऑइलात आलं ते बेअरिंगचं गंजणं आणि ऑइलचं ऑक्सिडेशन रोखायला. झीज रोखण्याचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं.

मग बिनसलं कुठे? झेडडीडीपीत झिंकसोबत फॉस्फरसही असतो, तो थोडाथोडा जळून एक्झॉस्टमध्ये जातो आणि कन्व्हर्टरमधल्या उत्प्रेरकावर बसून त्याला निकामी करतो. म्हणून त्याच्यावर मर्यादा आली. पेट्रोल गाड्यांच्या ऑइलाच्या जीएफ मानकांत, जीएफ-१ च्या काळात ०.१२ टक्के, १९९६ च्या जीएफ-२ पासून ०.१०, आणि २००४ च्या जीएफ-४ ला ०.०८. पीपीएममध्ये, म्हणजे दर दहा लाख भागांत, १२०० वरून ८००. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या भाषेत एसएम, एसएन आणि २०२० चं एसपी या सगळ्यांना तोच ८०० चा माथा आहे. ६०० चा तळही आहे, म्हणजे झिंक 'काढून टाकलं' ही अफवा.

आता डब्यामागचं गुपित. ही वरची मर्यादा फक्त पातळ ग्रेडना लागू आहे: शेवटी २० असलेल्या, आणि ०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३०. १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० यांना नाही. त्यामुळे पान्याचं उत्तर अर्धं बरोबर आहे. अर्धंच, कारण जास्त घालायची परवानगी आहे म्हणजे कंपनीने घातलंयच असं नव्हे. डेटा शीट काढ, फॉस्फरसचा आकडा बघ. तुझ्या कॅमला १००० ते १४०० पीपीएमच्या दरम्यान हवा. आकडा छापलेला नसेल आणि कंपनी विचारूनही सांगत नसेल तर तो डबा सोडून दे.

शंकेखोर

काका, नेहमीप्रमाणे उत्तम लिहिलंय, पण दुसरी बाजू मांडायला कुणी नाही म्हणून मी.

८०० पीपीएम म्हणजे कॅमचं मरण, हे कशावरून? जीएफ-४ ला जी चाचणी पास व्हावी लागायची, सीक्वेन्स थ्री-जी, तिचं इंजिन होतं जीएमचं ३.८ लिटर व्ही-६, आणि त्यात मुद्दाम फ्लॅट टॅपेट बसवलेले. १०० तास, ३६०० आरपीएम, ऑइल १५० अंश सेल्सिअसला शिजत ठेवलेलं. कॅम आणि टॅपेटची सरासरी झीज ६० मायक्रॉनच्या आत आली तरच पास. त्याखेरीज सीक्वेन्स फोर-ए होती, निसानच्या २.४ लिटर इंजिनावरची, तीही घासत्या फॉलोअरची झीज मोजणारीच. ८०० वाली ऑइलं या चाचण्यांतून पास झालेली आहेत.

शिवाय झेडडीडीपी एकाच जातीचं नसतं. सेकंडरी प्रकार लवकर, कमी तापमानाला कामाला लागतो, प्रायमरी जास्त उष्णता सोसतो पण सावकाश जागा होतो. नुसता पीपीएम बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

वंगणवेडा

शंकेखोर, मुद्दा मान्य. मूळ कॅम, मूळ स्प्रिंग, रुळलेलं इंजिन असेल तर आजच्या चांगल्या ऑइलवर ते मरत नाही, हे मीही म्हणतो.

पण थ्री-जी सलग ३६०० आरपीएमला चालते. त्या वेगाला नाकाखाली ऑइल बऱ्यापैकी ओढलं जातं आणि क्रँकचा शिडकावाही भरपूर असतो. कार्बवाल्याचा कॅम तिखट आहे, स्प्रिंग कडक आहे, धातू कोरा आहे, आणि पुढे सिग्नलला ही गाडी आयडलवर उभी राहणार. त्याच्यासाठी मी ८०० वर थांबणार नाही. सेकंडरी-प्रायमरीचं बरोबर आहे, फक्त कुठलीही कंपनी ते डब्यावर लिहीत नाही, त्यामुळे ग्राहकाच्या हातात पीपीएमच उरतो.

लेथवाली

धागा उशिरा बघितला. मी ब्लॉक आणि कॅमचं मशिनिंग करते, त्यामुळे मेलेले कॅम टेबलावर येतात आणि प्रत्येकासोबत ऑइलची तक्रार येते. ऑइल निर्दोष असतं असं मी म्हणत नाही. पण खोललेल्या भागांवर जे दिसतं त्यात ऑइलचा नंबर बराच खाली लागतो. आधी हे समजून घ्या.

फ्लॅट टॅपेट नावाला फ्लॅट. त्याचा तळ किंचित फुगीर असतो, मध्यभाग कडेपेक्षा दीड-दोन थाऊ वर. लोबही सरळ घासलेला नसतो, त्याला रुंदीभर दीड ते तीन थाऊंचा उतार असतो. आणि टॅपेटचं बोअर, म्हणजे तो ज्या भोकात बसतो ते, लोबच्या मध्यावर नसून जरासं बाजूला असतं. या तिन्हींमुळे लोब टॅपेटला ढकलता ढकलता फिरवतो. तो फिरला तर संपर्काची रेघ दर वेळी नव्या जागी पडते. फिरायचा थांबला की तीच रेघ तिथेच घासते, टॅपेटच्या तळाला खड्डा पडतो आणि लोबचं नाक गोल होऊन जातं. एकदा सुरुवात झाली की मिनिटांचा खेळ असतो. तिथे १४०० पीपीएमही काही करू शकत नाही.

मेलेल्या टॅपेटच्या तळावर एकाच दिशेच्या रेघा दिसल्या तर तो फिरत नव्हता. गोल गोल चकाकी असेल तर फिरत होता, मग ऑइल आणि स्प्रिंगकडे बघायचं.

न फिरण्याची कारणं कुठली? टॅपेट बोअरमध्ये घट्ट बसतोय, बोअरच्या कडेला धातूची खरखरीत धार (बर) राहिली आहे, टॅपेटच्या तळाला फुगवटाच नाही. शेवटचं हल्ली बरंच दिसतं. टॅपेट घासण्याऐवजी चाकावर चालवणारे रोलर कॅम आले, फोर्डने १९८५ ला मस्टँगच्या ५.० मध्ये घातले, शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकला १९८७ ला, आणि फ्लॅट टॅपेट बनवणारे कारखाने कमी होत गेले. माल सगळीकडे सारखा राहिला नाही. तपासायला महागडं यंत्र नको: दोन टॅपेट तळाला तळ लावून उजेडासमोर धरा. कडेने उजेडाची फट दिसली पाहिजे आणि दोन्ही एकमेकांवर किंचित डुलले पाहिजेत. चिकटून बसले तर वापरू नका.

दुसरी गोष्ट स्प्रिंग. फ्लॅट टॅपेटवर उघडल्यावरचा दाब तीनशेच्या फार पुढे नेऊ नये. कार्बवाला, तुझे २९० मला चालतील, पण वरच्या काठावर आहेत. ते खरंच मोजलेत का कागदावरचे आहेत? बसवलेली उंची ६० थाऊंनी कमी असली तर आकडा वेगळाच येतो.

तिसरी: नव्या कॅमला नवेच टॅपेट. जुने वापरायचे असतील तर जुन्याच कॅमला, आणि प्रत्येक टॅपेट त्याच्या मूळच्या लोबवर. अदलाबदल झाली की संपलं.

कार्बवाला

ताई, मोजले नव्हते, कागदावरचे होते. आज टेस्टरवर लावले. दोन स्प्रिंग ३१० च्या वर निघाल्या, तिथल्या शिम (स्प्रिंगखालच्या पातळ चकत्या) काढून बाकीच्यांच्या रांगेत आणल्या. टॅपेटही उजेडासमोर धरून बघितले. एक जोडी चिकटून बसते. त्यातला एक दोषी आहे, तिसऱ्या टॅपेटशी लावून कुठला ते कळलं. तो बदलतोय.

आता झिंकची बाटली आणि डिझेलचं ऑइल यांवर कुणीतरी निकाल द्या.

वंगणवेडा

बाटलीबद्दल माझं मत ठाम आहे: ऑइल बरोबर निवडलं असेल तर बाटली नको, आणि ऑइल चुकीचं असेल तर बाटलीऐवजी ऑइल बदल.

पहिलं कारण, हिशोब. तुझ्या ऑइलात आधीच १२०० असेल आणि बाटलीने आणखी हजार टाकले तर २२०० झाले. साधारण १४०० नंतर फायदा वाढत नाही, आणि २००० च्या पलीकडे हेच रसायन धातूच्या कणांमधल्या सीमांवर हल्ला करायला लागतं. झीज कमी करायला घातलेल्या मालाने पृष्ठभागाची सालं निघायला लागतात. दुसरं कारण, ऑइल हे तोललेलं मिश्रण असतं. डिटर्जंट, डिस्पर्संट, घर्षण कमी करणारे घटक, सगळे त्याच धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळवायला भांडतात. वरून ओतलेली बाटली तो तोल बिघडवते, आणि तळाशी नीट मिसळते की नाही हा वेगळा प्रश्न.

अपवाद एकच: घरात चांगलं पण कमी फॉस्फरसचं ऑइल पडलंय, त्याचा आकडा माहीत आहे, बाटलीचा आकडाही माहीत आहे, आणि तू बेरीज करून १२००-१३०० वर थांबणार आहेस. अंदाजपंचे नाही.

शंकेखोर

डिझेलचं मी घेतो, कारण या सल्ल्यात काळ गोठलेला आहे.

डिझेलचं घाला, हा सल्ला सीआय-४ या डिझेल ऑइलाच्या मानकाच्या जमान्यातला, २००२ चा. तेव्हा ट्रकना एक्झॉस्टमध्ये फिल्टर नव्हते, १२०० ते १४०० पीपीएम फॉस्फरस सहज असायचा. मग काजळी अडवणारे पार्टिक्युलेट फिल्टर आले आणि २००६ च्या सीजे-४ मध्ये फॉस्फरसला ०.१२ टक्क्यांची मर्यादा लागली, राखेलाही लागली. २०१६ च्या डिसेंबरात सीके-४ आलं. मर्यादा तीच राहिली, पण काही डब्यांतला प्रत्यक्ष आकडा इतका घसरला की फोर्डने आपल्या डिझेल इंजिनांसाठी किमान १००० पीपीएमची स्वतःची अट काढली, डब्ल्यूएसएस-एम२सी१७१-एफ१ या नावाने. ज्यांच्या डब्यावर ती अट पाळल्याचं लिहिलंय, तिथे निदान हजाराची हमी आहे. बाकी सीके-४ डोळे झाकून घेऊ नये.

आणि डिझेल ऑइलात डिटर्जंट जास्त. काजळी सांभाळायला ते लागतं, पण वर काकांनी म्हटलं ते भांडण इथे मोठं होतं. त्यातलं झेडडीडीपीही बरंचसं प्रायमरी जातीचं, उशिरा जागं होणारं. त्यामुळे डिझेलच्या ऑइलातले १२०० आणि पेट्रोल इंजिनासाठी बनवलेल्या ऑइलातले १२०० कॅमला सारखे नाहीत. रुळलेल्या, मवाळ कॅमला १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल वर्षानुवर्षं चालतं, हेही खरं. ब्रेक-इनला मी घालणार नाही.

डबल कॅम

मध्येच एक प्रश्न. माझं इंजिन जॅग्वारचं एक्सके, सहा सिलिंडर, दोन कॅम डोक्यावर, खाली बकेट (उलट्या वाटीसारखे टॅपेट). हे सगळं मला लागू आहे का?

लेथवाली

घासणं तेच, पण हाल कमी. बकेटचा व्यास मोठा, मध्ये रॉकर नाही म्हणून स्प्रिंगचा दाब दीडपट होत नाही, पुशरॉडचं वजन नाही म्हणून स्प्रिंग मुळातच मवाळ चालतात. चांगलं २०डब्ल्यू-५०, फॉस्फरस हजाराच्या आसपास, एवढं पुरे. इतकी काळजी नको.

व्यासावरून आठवलं, विषयांतर आहे पण राहवत नाही. फ्लॅट टॅपेटवर व्हॉल्व्ह किती झपाट्याने उघडता येईल हे टॅपेटचा व्यास ठरवतो, कारण लोबचा संपर्क टॅपेटच्या कडेबाहेर जाऊन चालत नाही. शेवरोलेचा टॅपेट ०.८४२ इंच, फोर्डचा ०.८७५, क्रायस्लरचा ०.९०४. म्हणून क्रायस्लरसाठी घासलेला आक्रमक लोब शेवरोलेत चालवायला गेलं तर टॅपेटची कडा लोबला खरवडते. कॅमच्या यादीत फक्त लिफ्ट आणि ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडतो) बघणाऱ्यांनी हेही बघावं.

दहाचा पाना

आता माझं ऐका, कारण ऑइल निवडून झालं तरी पहिल्या अर्ध्या तासात कॅम खाणारे लोक मी पाहिलेत.

लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट, हात आखडता न घेता. टॅपेटच्या बाजूंना पेस्ट लावू नका, तिथे साधं ऑइल, नाहीतर तो बोअरमध्ये चिकटेल आणि फिरणार नाही. टॅपेट अ‍ॅडजस्ट करायच्या नादात इंजिन हाताने पन्नास वेळा फिरवू नका. प्रत्येक फेरीला पेस्ट पुसली जाते. शून्य क्लिअरन्स गाठा, वर अर्धा ते पाऊण आटा, आणि हात लावायचा थांबवा.

मग प्रायमिंग, म्हणजे सुरू करण्याआधीच ऑइल सगळीकडे पोचवणं. या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टने फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर काढून त्याच भोकातून ड्रिलने पंप फिरवायचा. नुसती सळई घालून भागत नाही. डिस्ट्रिब्युटरची बॉडी उजव्या बाजूची टॅपेटची ऑइल गॅलरी बंद करते, ती नसली तर दाब तिथेच गळतो. प्रायमिंगचं खास टूल घ्या किंवा जुना डिस्ट्रिब्युटर दात काढून वापरा. सोळाही रॉकरमधून ऑइल आलं की झालं.

सुरू करण्याआधी टायमिंग आधीच जुळवून ठेवा, कार्बोरेटरचं बाऊल भरून ठेवा, पाणी भरा, पंखा लावा, गळती बघा. मतलब एकच: पहिल्या सेल्फला इंजिन उठलं पाहिजे. सेल्फ मारत बसलात तर लोबला ना ऑइल मिळतं ना दाब कमी होतो, पेस्ट तेवढी निघून जाते. इंजिन उठताच थेट २००० आरपीएम. आयडलला आणू नका. या इंजिनात लोबला ऑइल मिळतं ते क्रँकच्या शिडकाव्याने, आणि आयडलला क्रँक पुरेसं उडवत नाही. २००० ते २५०० च्या मध्ये खालीवर करत वीस ते तीस मिनिटं. आवाज ऐकून कुणी 'जरा कमी कर' म्हणेल, त्याला बाहेर पाठवा. पाणी गळलं, काही तापलं, तर बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा थेट २०००.

ज्यांच्या स्प्रिंग दुहेरी आहेत त्यांनी आतली स्प्रिंग काढून ब्रेक-इन करावं, मग परत घालावी. कंटाळवाणं काम आहे. करायचं.

ब्रेक-इनचं ऑइल वेगळं घ्या. त्यात झेडडीडीपी जास्त असतं आणि डिटर्जंट कमी, म्हणजे थर पटकन बसतो. अर्ध्या तासाने काढून टाका, फिल्टरसकट.

वंगणवेडा

पान्याला दंडवत. २०डब्ल्यू-५० चं एका ओळीचं उत्तर देणारा माणूस हाच का?

दहाचा पाना

उत्तर अजून तेच आहे.

शंकेखोर

तेच मला पटत नाही. दाट ऑइल म्हणजे कॅमचं संरक्षण, हा जुना समज आहे. कॅमच्या नाकावर थर फाटलेलाच असतो, तिथे ऑइल ४० आहे की ५० याने थोडाच फरक पडतो. ग्रेड ठरवतं बेअरिंगचं क्लिअरन्स आणि ऑइलचं तापमान. जर्नलच्या (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ हा जुना ठोकताळा. कार्बवाल्याचं मेन जर्नल साधारण अडीच इंचाचं, क्लिअरन्स अडीच थाऊ, म्हणजे अगदी मापात. त्याला १०डब्ल्यू-४० पुरेल. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय दाब दिसत असेल तर आणखी दाट करून मिळतं काय? थंड असताना वर चढायला उशीर, पंपाला ओझं आणि ऑइलात जास्त उष्णता.

वंगणवेडा

रस्त्यापुरतं बरोबर. ट्रॅकवर ऑइल १२० अंशाच्या पुढे जात असेल तर मात्र मी ५० कडे झुकेन. एचटीएचएस, म्हणजे १५० अंशाला जोराच्या कातरदाबाखाली मोजलेला दाटपणा, ३० ग्रेडला किमान २.९ असावा लागतो आणि ५० ला किमान ३.७. त्या तापमानाला बेअरिंग वाचवतो तो हा आकडा. युरोपातल्या एसीईए ए३/बी४ ऑइलांना किमान ३.५ ची अट आहे, तीही एक चांगली खूण.

नावं विचारली होतीस. कंपन्यांच्या तक्त्यांनुसार व्हॅल्व्होलिन व्हीआर१ मध्ये झिंक साधारण १४०० आणि फॉस्फरस १३००, मोबिल १ च्या १५डब्ल्यू-५० मध्ये साधारण १३०० आणि १२००. दोन्ही चालतील. पण सूत्रं बदलतात आणि डब्याचा रंग तोच राहतो, तेव्हा ताजी शीट बघून घे. सिंथेटिक ब्रेक-इन झाल्यावर खुशाल घाल. जुने दोरीचे सील असतील तर आधीपासून असलेली गळती जास्त दिसेल, इतकंच.

बुंगाट

मोटारसायकलवाल्यांनी काय करायचं? जुन्या पुशरॉड इंजिनात फ्लॅट टॅपेटच आहेत, आणि क्लच त्याच ऑइलात.

वंगणवेडा

जासो एमए हे जपानी मानक लिहिलेलं घ्या. त्या मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा लागतो, म्हणजे तळच गाडीच्या ऑइलाच्या माथ्याइतका. आणि क्लच घसरवणारे घर्षणरोधक त्यात नसतात. 'एनर्जी कन्झर्व्हिंग' किंवा 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलेला डबा ओल्या क्लचच्या इंजिनात घालू नका.

कार्बवाला

सुरू झालं! पहिल्या सेल्फला. पान्याने सांगितलं तसंच, अर्धा तास २००० च्या वर. ब्रेक-इन ऑइल काढलं, फिल्टर कापला. आत करड्या रंगाचा चिखल आहे आणि उजेडात धरल्यावर बारीक चमक. घाबरू का?

दुसरं म्हणजे, व्हॉल्व्ह कव्हर काढून आयडलला बघितलं. पंधरा पुशरॉड मजेत फिरतायत, सहा नंबरचा एक्झॉस्ट अगदी संथ, मध्येच थांबल्यासारखा वाटतो.

लेथवाली

करडा चिखल म्हणजे तुझीच पेस्ट, त्यात रिंग आणि बोअर जुळताना निघालेली पूड. फिल्टरचा कागद पिळून लोहचुंबक फिरव. चुंबकाला केसाळ पूड लागली तर ठीक. सुया किंवा पापुद्रे लागले, बोटाला टोचणारे, तर इंजिन पुन्हा सुरू करू नकोस.

पुशरॉडचं: संथ चालेल, ठप्प चालणार नाही. कधीकधी खाली टॅपेट फिरत असतो आणि पुशरॉड मात्र कपात घसरत राहतो, म्हणून डोळ्यावर विसंबू नकोस. रॉकर काढ, पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेज लाव, इंजिन हाताने फिरवून लोबची लिफ्ट मोज. मग शेजारच्या दोन एक्झॉस्टची मोज. हायड्रॉलिक टॅपेट आत दबतो, म्हणून घाईने फिरवू नकोस आणि गेजचा दाब हलका ठेव. दोन-तीन थाऊंचा फरक मोजण्यातला समज. दहा आला तर लोब चाललाय. एक्झॉस्टचा लोब गेला की जळका वायू बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग इंजिन कार्बोरेटरमधून फटफट उलटं मारतं. तो आवाज अजून नाही ना?

कार्बवाला

आवाज नाही. चुंबकाला फक्त पूड. गेज लावलं: सहाचा एक्झॉस्ट आणि चारचा एक्झॉस्ट बरोबरीत, आठचा एक थाऊ जास्त. हुश्श.

आता १०डब्ल्यू-४० भरलंय, शीटवर फॉस्फरस १२००. शेवटचा प्रश्न: गाडी वर्षातले काही महिने उभीच असते. तेव्हा आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून ठेवू का?

दहाचा पाना

अजिबात नको. पाच मिनिटांत ऑइल तापत नाही, जळणातून आलेलं पाणी उडत नाही, पेट्रोल चोकमधून चेंबरमध्ये उतरतं, आणि थंड इंजिन आयडलला, म्हणजे लोबला सगळ्यात वाईट. सुरू केलंस तर चांगलं तापेपर्यंत फिरवून आण, नाहीतर हात लावू नकोस.

वंगणवेडा

आणि उभी करण्याआधी ऑइल बदल, नंतर नको. वापरलेल्या ऑइलात आम्ल आणि पाणी असतं, ते महिनोन्महिने बेअरिंगवर बसून राहतं. किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा बदल करच. जमलं तर जुन्या ऑइलाचा नमुना लॅबला दे. लोखंडाचा आकडा दर वेळी किती येतो ते लिहून ठेव. एका रिपोर्टवरून काही कळत नाही, तीन-चार रिपोर्ट झाले की तुझ्या इंजिनाचा नेहमीचा आकडा समजतो, आणि तो अचानक उसळला तर कव्हर काढायचं.

लेथवाली

पहिला बदल मात्र वर्षाची वाट न बघता ८०० किलोमीटरला कर, फिल्टर परत काप, आणि सहाच्या एक्झॉस्टला परत गेज लाव. आजचे तिन्ही आकडे कुठेतरी लिहून ठेवलेस ना?

कार्बवाला

व्हॉल्व्ह कव्हरच्या आतल्या बाजूला, मार्करने.

शंकेखोर

ते ऑइलने पुसलं जाईल. वहीत लिही.